घरातील ढेकणांचे नियंत्रण

घरातील ढेकणांचे नियंत्रण म्हणजे माणसाचे रक्त शोषून जगणाऱ्या ढेकूण या पंखहीन कीटकाचा घरातील वावर ओळखणे, त्याच्या लपण्याच्या जागा शोधणे आणि अंडी, पिल्ले व प्रौढ या तिन्ही अवस्थांचा नाश करणे. ढेकूण दिवसा खाटेच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत व भिंतींच्या भेगांत दडून राहतो. त्याची अंडी बहुतेक कीटकनाशकांना दाद देत नाहीत. त्यामुळे एकाच फवारणीने तो समूळ जात नाही. उष्णता, स्वच्छता, भेगा बुजवणे आणि ठरावीक अंतराने पुन्हा केलेली तपासणी यांचा एकत्र वापर ही नियंत्रणाची मान्य पद्धत आहे.

महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत हा विषय दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. दोन्ही शहरांत यात्रेकरू, विद्यार्थी व स्थलांतरित कामगार मोठ्या संख्येने एकत्र निवास करतात, म्हणजेच ढेकणांच्या प्रसाराला अनुकूल स्थिती असते. दुसरे कारण असे की, शेतीप्रधान भाग असल्याने पिकांवर फवारायची व धान्य साठवणीत वापरायची विषारी औषधे घरात सहज उपलब्ध असतात. ती झोपण्याच्या खोलीत वापरली गेल्यास माणसाच्या जिवाला धोका निर्माण होतो.

## कीटकाची ओळख

ढेकूण हा हेमिप्टेरा गणातील सायमिसिडी कुलाचा कीटक आहे. माणसाच्या घरात प्रामुख्याने दोन जाती आढळतात. समशीतोष्ण प्रदेशातील जातीचे नाव सायमेक्स लेक्ट्युलॅरियस असून तिचे नामकरण कार्ल लिनियस यांनी १७५८ मध्ये केले. उष्ण कटिबंधातील जातीला सायमेक्स हेमिप्टेरस म्हणतात. भारतात, विशेषतः दख्खनसारख्या उष्ण भागात, दुसरी जात प्रामुख्याने आढळते. जुन्या भारतीय वैद्यकीय ग्रंथांत तिचा उल्लेख सायमेक्स रोटुंडेटस या नावाने येतो.

पूर्ण वाढ झालेला ढेकूण ५ ते ७ मिलिमीटर लांब, अंडाकृती, तांबूस-तपकिरी आणि वरून-खालून चपटा असतो. एखाद्या जाड कागदाएवढ्या फटीतही तो शिरू शकतो. रक्त प्यायल्यावर त्याचे शरीर फुगून लांबट व गडद लाल होते. त्याला उडता येत नाही आणि पिसवेप्रमाणे उड्याही मारता येत नाहीत. मात्र तो भरभर चालतो. शरीरातील गंधग्रंथींमुळे चिरडल्यावर त्याला विशिष्ट उग्र वास येतो. प्रादुर्भाव फार वाढलेल्या खोलीत हा वास न चिरडताही जाणवतो.

ऊ माणसाच्या अंगावर व केसांत राहते आणि गोचीड जनावराच्या कातडीला चिकटून राहतो. ढेकूण मात्र अंगावर वस्ती करत नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, शरीराची ऊब आणि गंध यांच्या आधारे तो बाहेर येतो, ५ ते १० मिनिटे रक्त शोषतो आणि परत आपल्या फटीत जातो. हा वावर बहुधा मध्यरात्रीनंतर व पहाटेपूर्वी अधिक असतो. रात्रभर त्रास होऊनही सकाळी अंथरुणात कीटक न दिसण्याचे कारण हेच आहे.

## जीवनचक्र

मादी अनुकूल परिस्थितीत दररोज एक ते पाच अंडी घालते. अंडी सुमारे १ मिलिमीटर लांब व पांढुरकी असून चिकट द्रवाने फटीच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटलेली असतात. त्यामुळे ती झटकून किंवा साध्या झाडूने निघत नाहीत. उबदार हवेत साधारण ६ ते १० दिवसांत त्यांतून फिकट रंगाची पिल्ले बाहेर पडतात.

पिल्लू प्रौढ होईपर्यंत पाच वेळा कात टाकते आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी त्याला किमान एकदा रक्त मिळावे लागते. उबदार हवामानात व अन्न नियमित मिळत असल्यास अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास पाच ते सात आठवड्यांत पूर्ण होतो. नर व मादी दोघेही रक्तावरच जगतात.

अन्नाशिवाय ढेकूण अनेक महिने तग धरू शकतो. थंड हवेत हा काळ वाढतो व तीव्र उन्हाळ्यात घटतो. म्हणूनच दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत खोली महिनाभर बंद ठेवल्याने ढेकूण मरतील ही समजूत चुकीची ठरते. खोली पुन्हा वापरात येताच उरलेले कीटक बाहेर येतात.

नियंत्रणाचे वेळापत्रक या जीवनचक्रावरून ठरते. पहिल्या उपचारातून वाचलेली अंडी आठवडा-दीड आठवड्यात फुटतात. त्यांतून निघालेली पिल्ले प्रौढ होऊन स्वतः अंडी घालण्यापूर्वी दुसरा उपचार होणे आवश्यक असते.

## माणसावर होणारा परिणाम

ढेकणाच्या लाळेत रक्त गोठू न देणारे व दंशाची जाणीव कमी करणारे घटक असतात. त्यामुळे चावा घेताना माणूस सहसा जागा होत नाही. नंतर त्वचेवर खाज सुटणारे लाल फोड किंवा गांधी उठतात. त्या हात, मान, चेहरा, पाय अशा उघड्या भागांवर आणि अनेकदा ओळीने किंवा पुंजक्याने दिसतात. काही व्यक्तींच्या त्वचेवर मात्र काहीच खूण उमटत नाही. एकाच खाटेवर झोपणाऱ्या दोघांपैकी एकालाच फोड आले, तरी दुसऱ्याला ढेकूण चावलेच नाहीत असा अर्थ होत नाही. केवळ फोडांवरून डास, पिसू किंवा खरजेचा किडा यांच्यातील फरक निश्चित करता येत नाही. त्यासाठी अंथरुणाची तपासणी करावी लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास येथे संशोधन करणारे वॉल्टर स्कॉट पॅटन यांनी काळा आजाराचा प्रसार ढेकणांमार्फत होत असावा अशी शक्यता १९०७ मध्ये मांडली होती. पुढे या आजाराचा वाहक वाळूमाशी असल्याचे भारतातच १९४२ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाले. नैसर्गिक परिस्थितीत ढेकूण माणसांत एखादा रोग पसरवतो, असे आजवर निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही.

तरीही त्याचा उपद्रव किरकोळ नसतो. सततच्या खाजवण्याने त्वचेला जखमा होऊन जंतुसंसर्ग होतो. प्रादुर्भाव तीव्र असल्यास लहान मुले व अशक्त व्यक्तींमध्ये रक्तक्षय वाढू शकतो. झोपमोड, चिडचिड, अभ्यासातील एकाग्रता कमी होणे आणि अंथरुणाची भीती बसणे हे परिणाम वारंवार दिसतात. लाजेमुळे अनेक कुटुंबे ही गोष्ट शेजाऱ्यांपासून व घरमालकापासून लपवतात आणि तेवढ्या काळात ढेकूण शेजारच्या खोल्यांत पोहोचतात. ढेकणाला रक्त व लपायला जागा लागते. घाण किंवा खरकटे त्याचे अन्न नाही. त्यामुळे तो स्वच्छ घरातही होतो. अडगळ जास्त असलेल्या घरात त्याला लपणे सोपे जाते, एवढाच स्वच्छतेशी त्याचा संबंध आहे.

## नांदेड व लातूरमधील परिस्थिती

### प्रवास व सामूहिक निवास

ढेकूण स्वतः फार दूर जात नाही. तो सामानातून नेला जातो. नांदेड येथे तख्त सचखंड श्री हजूर साहिब असल्याने देशभरातून व परदेशांतून यात्रेकरू वर्षभर येतात. २००८ मधील गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या काळात शहरातील निवासव्यवस्थेचा मोठा विस्तार झाला. जिल्ह्यातील माहूरचे रेणुकादेवी मंदिर आणि लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा येथेही भाविकांची मोठी वर्दळ असते. जेथे एकाच अंथरुणावर दर रात्री वेगळा माणूस झोपतो, अशा जगातील कोणत्याही ठिकाणी ढेकणांच्या येण्या-जाण्याची शक्यता अधिक असते.

लातूर शहरात ‘लातूर पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या अध्यापनपद्धतीमुळे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून विद्यार्थी येतात. त्यांपैकी बहुतेक वसतिगृहांत किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात. शैक्षणिक वर्ष संपल्यावर खाट, गादी, कपाट अशा वस्तू पुढच्या विद्यार्थ्याकडे जातात आणि त्यांच्याबरोबर ढेकूण व त्यांची अंडीही जाऊ शकतात. सुटीला गावी जाताना नेलेली वळकटी हा खेड्यातील घरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग ठरतो. मराठवाड्यातून ऊसतोडणीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे अंथरूण-पांघरूणही असेच एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात असते.

### घरांची बांधणी

या भागातील जुनी माळवदाची घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि लाकडी तुळया-फळ्यांवर माती पसरलेल्या छपराची असतात. अशा भिंती उन्हाळ्यात घर थंड ठेवतात. परंतु त्यांतील भेगा, कोनाडे, खुंट्यांभोवतीची छिद्रे व लाकडी सांधे ढेकणांना सोयीचे असतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावांत नव्या पद्धतीची घरे बांधली गेली. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत लपण्याच्या जागा कमी असल्या, तरी खाटेचे सांधे, प्लायवुडचे पलंग, विजेच्या खटक्यांच्या पेट्या आणि दाराच्या चौकटी हे आसरे तेथेही राहतातच.

सुतळीने किंवा नवारीने विणलेली बाज, अनेक थरांची वाकळ व कापसाची गादी ही पारंपरिक साधने ढेकणांना विशेष अनुकूल असतात. बाजेच्या विणीत व खुरांच्या खोबणीत त्यांची वस्ती प्रथम आढळते.

### हवामान

नांदेड व लातूर येथे एप्रिल-मे महिन्यांत दिवसाचे कमाल तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. उष्णतेमुळे ढेकणांची वाढ झपाट्याने होते. मात्र हवेचे तापमान त्यांना मारण्याइतके नसते. जाड भिंतीच्या भेगेत ते आणखी कमी असते. हिवाळ्यात ढेकणांची हालचाल मंदावते, पण येथील थंडीने ते मरत नाहीत.

## प्रादुर्भाव ओळखणे

तपासणी टॉर्चच्या प्रकाशात, शक्यतो पहाटेच्या वेळी किंवा दिवसा संपूर्ण अंथरूण बाजूला काढून केली जाते. पुढील खुणा महत्त्वाच्या मानल्या जातात:

* चादरीवर व गादीच्या शिवणीवर काळसर ठिपके. ही पचलेल्या रक्ताची विष्ठा असून ओल्या कापडाने पुसल्यास ती शाईसारखी पसरते.
* झोपेत चिरडलेल्या कीटकांमुळे पडलेले रक्ताचे लहान डाग.
* फिकट तपकिरी, पोकळ कातींचे साचलेले पुंजके.
* फटींच्या कडेला चिकटलेली पांढुरकी अंडी.
* जिवंत ढेकूण.

तपासणीचा आरंभ माणूस झोपतो त्या जागेपासून करावा लागतो. गादीच्या कडा, उशीचे अभ्रे, खाटेचे सांधे व स्क्रूची छिद्रे, उशाकडील भिंत, तेथे टांगलेली तसबीर किंवा दिनदर्शिका, पडद्यांच्या घड्या, बॅगांचे खिसे, पुस्तकांच्या बांधणीची फट आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांची खालची बाजू हा साधारण क्रम असतो. अरुंद फटीतून जाड पत्ता किंवा जुने प्लास्टिक कार्ड ओढल्यास आतील कीटक बाहेर येतात.

## रसायनाविना नियंत्रण

### उष्णता

उष्णता हा ढेकणांवरील सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो; कारण योग्य तापमान मिळाल्यास तिने अंडीही मरतात आणि तिच्याविरुद्ध कीटकनाशकांसारखी प्रतिकारक्षमता निर्माण होण्याची अडचण येत नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४५ अंश सेल्सिअस तापमानाला प्रौढ ढेकूण सुमारे दीड तासात मेले. परंतु त्याच तापमानात अंडी सात तासांनंतरही जिवंत राहिली. ४८ अंशांना अंडी मरण्यास एका तासाहून अधिक वेळ लागला. तापमान ५५ अंशांपर्यंत गेल्यास दोन्ही अवस्था लवकर नष्ट होतात. ही प्रयोगांतील जात समशीतोष्ण प्रदेशातील होती. तरी अंड्यांना प्रौढांपेक्षा अधिक उष्णता लागते हे लक्षात घेऊनच घरगुती उपाय ठरवले जातात.

चादरी, अभ्रे, मच्छरदाणी व कपडे ६० अंश किंवा त्याहून गरम पाण्यात धुतल्यास सर्व अवस्था नष्ट होतात. धुण्यासाठी नेतानाच कपडे पिशवीत बंद करावे लागतात. तसे न केल्यास वाटेत ढेकूण इतर खोल्यांत पडतात. लोखंडी खाट व लाकडी बाज अंगणात नेऊन तिच्या सांध्यांवर उकळते पाणी ओतण्याची जुनी पद्धत परिणामकारक आहे. मात्र पाणी सांध्याच्या आतपर्यंत व उकळत्या स्थितीतच पोहोचले पाहिजे. वाफेच्या यंत्राने गादीची शिवण व भिंतीच्या भेगा सावकाश शेकणे हाही याच प्रकारातील उपाय आहे.

### ऊन

गाद्या व वाकळा उन्हात टाकण्याची प्रथा मराठवाड्यात सर्वत्र आहे. तिचा उपयोग होतो, पण तो मर्यादित असतो. उन्हात ठेवलेल्या गादीचा वरचा भाग खूप तापतो. परंतु कापूस उष्णतेचा मंदवाहक असल्याने आतला व खालचा भाग तुलनेने थंड राहतो आणि ढेकूण तिकडे सरकतात. त्यामुळे संध्याकाळी गादी घरात आणल्यावर ते पुन्हा दिसतात.

ऊन परिणामकारक करण्यासाठी कपडे, उशा, पातळ पांघरुणे अशा वस्तू थोड्या-थोड्या प्रमाणात काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून उन्हाळ्यातील भर दुपारी पत्र्यावर किंवा फरशीवर ठेवल्या जातात. वस्तूंच्या मधोमध ठेवलेल्या तापमापकाने ५० अंशांहून अधिक तापमान काही तास दाखवले, तर उपचार पुरेसा समजता येतो. ठासून भरलेल्या पिशवीचा मध्यभाग हे तापमान गाठत नाही. जाड गादीसाठी ही पद्धत विश्वासार्ह नाही. अशी गादी उसवून खोळ गरम पाण्यात धुणे व कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेणे हा पर्याय असतो. मात्र ती बंद पिशवीतून न्यावी लागते आणि तिच्यात ढेकूण आहेत हे पिंजाऱ्याला आधी सांगणे आवश्यक असते.

### पाणीटंचाईच्या काळात

लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा टंचाईच्या काळात आठवड्याला सर्व अंथरूण गरम पाण्यात धुणे शक्य नसते. त्या वेळी कोरडी उष्णता अधिक सोयीची ठरते. बंद काळ्या पिशवीचा वर सांगितलेला उपाय आणि शिवणींवरून सावकाश फिरवलेली गरम इस्त्री यांना पाणी जवळजवळ लागत नाही. उन्हाळ्याची तीव्रता व पाण्याची टंचाई एकाच वेळी येत असल्याने या भागात ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

### भेगा बुजवणे व खाट वेगळी ठेवणे

भिंतीतील भेगा, खुंट्यांची छिद्रे व चौकटीच्या फटी सिमेंट, पुट्टी किंवा लांबीने बुजवल्यास लपण्याच्या जागा घटतात. व्हॅक्यूम क्लीनरने कीटक व काती ओढून घेता येतात. त्यातील पिशवी लगेच बंद करून घराबाहेर टाकावी लागते. चेन असलेली बंद खोळ गादीवर चढवल्यास आतील ढेकूण बाहेर येऊ शकत नाहीत व उपासमारीने मरतात. त्यासाठी ती अनेक महिने न काढता ठेवावी लागते.

खाट भिंतीपासून अंतरावर ठेवणे, पांघरूण जमिनीला टेकू न देणे आणि खाटेच्या पायांखाली वाट्या ठेवणे हे जुने उपाय आहेत. गुळगुळीत कडांच्या कोरड्या वाट्या समशीतोष्ण प्रदेशातील ढेकणाला अडवतात. परंतु उष्ण कटिबंधातील जात गुळगुळीत पृष्ठभागावर अधिक चांगली चढते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्यामुळे भारतात वाटीत साबणाचे पाणी किंवा थोडे तेल असणे श्रेयस्कर ठरते. साधे पाणी साठू दिल्यास त्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होण्याचा धोका असतो, म्हणून वाट्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासाव्या लागतात.

### घरगुती वनस्पती

कडुनिंबाचा पाला, निरगुडी, वेखंड व कापूर अंथरुणाखाली ठेवण्याची प्रथा आहे. त्यांच्या वासाने काही काळ ढेकूण दूर राहत असले, तरी केवळ या उपायाने घरातील वस्ती नष्ट होत नाही. बाल्कन प्रदेशात घेवड्याची पाने जमिनीवर पसरून ढेकूण पकडण्याची प्रथा होती. पानांवरील सूक्ष्म आकडेदार केसांत ढेकणांचे पाय अडकतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले.

## रासायनिक नियंत्रण

घरातील वापरासाठी मान्यता असलेली पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके भारतात मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. ती फटी, खाटेचे सांधे व भिंतीचा खालचा भाग येथे फवारली जातात. चादर, उशी किंवा माणसाच्या अंगाशी थेट येणाऱ्या पृष्ठभागावर ती मारली जात नाहीत. जगाच्या अनेक भागांतील ढेकणांमध्ये या गटाविरुद्ध प्रतिकारक्षमता निर्माण झाली आहे. फवारणीनंतरही ढेकूण दिसत असल्यास त्याच औषधाची मात्रा वाढवणे निरुपयोगी व घातक ठरते. औषधाचा गट बदलावा लागतो. दोन ते तीन फवारण्या १० ते १४ दिवसांच्या अंतराने करण्याचा प्रघात आहे.

डायटोमी माती व सिलिका यांची बारीक भुकटी ढेकणाच्या शरीरावरील मेणाचा थर नष्ट करते व तो कोरडा पडून मरतो. ती फटींतच अत्यल्प प्रमाणात वापरली जाते, कारण हवेत उडालेली भुकटी फुप्फुसांना अपायकारक असते. झुरळांसाठी वापरली जाणारी बोरिक पावडर ढेकणांवर निष्प्रभ ठरते. ती पोटात गेल्यावर काम करते आणि ढेकूण रक्ताखेरीज काहीच खात नाही. संपूर्ण खोलीत धूर किंवा तुषार सोडणारे डबे फटींच्या आत पोहोचत नाहीत व ढेकणांना शेजारच्या खोल्यांकडे पांगवतात.

### कायदा व वेष्टनावरील खुणा

भारतात कीटकनाशकांची विक्री व वापर १९६८ चा कीटकनाशके अधिनियम आणि १९७१ चे नियम यांखाली येतो. व्यावसायिक कीडनियंत्रण करणाऱ्यास परवाना आवश्यक असतो. वेष्टनावरील चौकोनातील रंगीत त्रिकोण विषारीपणा दर्शवतो:

* लाल: अत्यंत विषारी
* पिवळा: अतिविषारी
* निळा: मध्यम विषारी
* हिरवा: कमी विषारी

पूर्वी घरोघरी वापरली जाणारी बीएचसी पावडर, जिला लोक ‘गॅमेक्सिन’ म्हणत, १ एप्रिल १९९७ पासून भारतात बंद आहे. ढेकणांसाठी वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉसवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. अशा औषधांचे जुने साठे घरात आढळल्यास ते वापरण्यायोग्य नसतात.

## जीवघेणे उपाय

### ॲल्युमिनियम फॉस्फाइड

धान्यातील कीड मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी झोपण्याच्या खोलीत ठेवल्याने भारतात व परदेशांतही मृत्यू झाले आहेत. ज्वारी, तूर, हरभरा व सोयाबीन यांची साठवण होणाऱ्या मराठवाड्यात या गोळ्या परिचित आहेत. हवेतील आर्द्रतेशी संयोग होताच त्यांतून फॉस्फीन वायू बाहेर पडतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन तयार होतो. हा वायू हवेपेक्षा किंचित जड असून भिंतीच्या भेगा, दाराखालची फट, झरोके व नळांच्या छिद्रांतून शेजारच्या खोलीत पसरतो. त्यामुळे गोळी ज्या खोलीत ठेवली तेथे कोणी नसले, तरी लगतच्या खोलीत झोपलेल्यांना विषबाधा होऊ शकते.

फॉस्फीन पेशींमधील ऊर्जानिर्मिती थांबवतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, छातीत घट्टपणा, श्वास लागणे व रक्तदाब कोसळणे ही लक्षणे दिसतात. आरंभी ती अन्नातून झालेल्या विषबाधेसारखी वाटतात आणि त्यामुळे उपचाराला उशीर होतो. या विषावर उतारा उपलब्ध नाही. रुग्णालयात केवळ आधारभूत उपचार करता येतात. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, परंतु वास न येणे हे सुरक्षिततेचे लक्षण नाही. भारतीय नियमांनुसार या गोळ्या घरगुती ग्राहकाला विकण्यास मनाई आहे. प्रशिक्षित व अधिकृत व्यक्तींच्या देखरेखीखालीच त्यांचा वापर करता येतो.

अशी विषबाधा झाल्याचा संशय आल्यास सर्वांनी तत्काळ मोकळ्या हवेत जाणे, गोळ्यांवर पाणी न टाकणे, शेजाऱ्यांना सावध करणे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे आणि कोणत्या औषधाचा वापर झाला हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.

### शेतीची औषधे व ज्वलनशील पदार्थ

पिकांसाठी तयार केलेली कीटकनाशके खोलीतील वापरासाठी नसतात. उघड्या शेतात वारा व ऊन यांमुळे त्यांचा अंश कमी होतो. बंद खोलीत तो गादी, लाकूड व भिंतीत दीर्घकाळ राहतो. रांगणारी मुले व अंथरुणाला खिळलेले रुग्ण त्याच्या संपर्कात सर्वाधिक येतात. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मोकळ्या शेतातही जी औषधे इतकी घातक ठरू शकतात, त्यांचा बंद घरातील वापर किती धोकादायक आहे, हे यावरून लक्षात येते.

रॉकेल किंवा पेट्रोल ओतणे व खाटेचे सांधे पेटत्या बोळ्याने शेकणे यांमुळे आग लागण्याचा धोका असतो. गादी उघड्यावर टाकून दिल्यास ती दुसरे कोणी उचलून नेते व प्रादुर्भाव नव्या घरात जातो. ती टाकायचीच असल्यास फाडून, वापरण्यायोग्य न ठेवता व प्लास्टिकमध्ये बांधून टाकावी लागते.

## उपचारांचा क्रम

एका खोलीसाठी साधारण सहा ते आठ आठवड्यांचा क्रम आखला जातो.

1. पहिला दिवस: सर्व खोल्यांची तपासणी, कपडे व अंथरूण पिशव्यांत बंद करून उष्णतेचा उपचार, खाट सोडवून उकळत्या पाण्याने किंवा वाफेने शेकणे, भेगा साफ करणे. फवारणी करायची असल्यास ती भेगा बुजवण्यापूर्वी.
2. पहिला आठवडा: खाट भिंतीपासून दूर, पायांखाली वाट्या, दररोज सकाळी शिवणींची पाहणी.
3. १० ते १४ दिवसांनी: अंड्यांतून निघालेल्या पिल्लांसाठी दुसरा उपचार.
4. चौथा आठवडा: पुन्हा तपासणी, गरज भासल्यास तिसरा उपचार.
5. सहावा ते आठवा आठवडा: जिवंत कीटक, ताजे ठिपके किंवा नव्या काती न आढळल्यास खोली ढेकूणमुक्त समजणे, त्यानंतरही काही महिने अधूनमधून पाहणी.

ढेकूण असलेल्या खोलीतील व्यक्तीने दुसऱ्या खोलीत झोपायला जाणे टाळावे असे सुचवले जाते. रिकाम्या खोलीतील ढेकूण माणसाच्या शोधात पसरतात आणि सामानाबरोबर नव्या खोलीतही जातात.

वसतिगृह, चाळ किंवा निवासी इमारतीत एकाच खोलीवर उपचार केल्यास यश टिकत नाही. त्या खोलीच्या दोन्ही बाजूंच्या तसेच वरच्या व खालच्या खोल्या तपासणे आवश्यक असते. विद्यार्थ्याने तक्रार केल्यास त्यालाच दोष देण्याची पद्धत प्रादुर्भाव लपवण्यास कारणीभूत ठरते. नवे सत्र सुरू होण्यापूर्वी उन्हाळ्यात रिकाम्या खोल्यांतील खाटा तपासणे व त्यांवर उष्णतेचा उपचार करणे तुलनेने सोपे व कमी खर्चाचे असते. जुनी खाट किंवा गादी घेताना शिवणी व सांधे घराबाहेरच तपासणे, प्रवासात बॅग अंथरुणावर न ठेवणे आणि परतल्यावर कपडे थेट धुण्यास टाकणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत.

## इतिहास

पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुणधर्म शोधला आणि त्यासाठी त्यांना १९४८ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला. डीडीटीमुळे आरंभी ढेकूण झपाट्याने कमी झाले. परंतु हवाई बेटांवरील पर्ल हार्बर येथील बराकींत १९४७ मध्येच डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले.

भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले जाऊ लागले. फवारणीमुळे अस्वस्थ झालेले, पण न मरणारे ढेकूण फटींतून बाहेर येत. त्यामुळे औषधाने ढेकूण वाढतात असा समज पसरला आणि भारतासह अनेक देशांत लोक हिवतापाच्या फवारणीला विरोध करू लागले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस वाढता प्रवास व कीटकनाशकांविरुद्धची प्रतिकारक्षमता यांमुळे ढेकूण जगभर पुन्हा वाढले. २०२३ मध्ये पॅरिस व सोल येथील प्रादुर्भावाची मोठी चर्चा झाली.

## साहित्य व लोकपरंपरा

संस्कृतमध्ये ढेकणाला ‘मत्कुण’ म्हणतात. लक्ष्मी कमळात, शंकर हिमालयात आणि विष्णू क्षीरसागरात झोपतात ते ढेकणांच्या भीतीनेच, अशा विनोदी आशयाचे एक संस्कृत सुभाषित प्रसिद्ध आहे. मराठीत ढेकणाची संगत ही कुसंगतीची उपमा म्हणून रूढ आहे.

पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या तंत्रात राजाच्या शय्येत राहणारी मंदविसर्पिणी नावाची ऊ आणि तिच्याकडे पाहुणा म्हणून आलेला अग्निमुख नावाचा ढेकूण यांची कथा आहे. राजाला झोप लागण्यापूर्वीच ढेकूण चावतो, सेवक शोध घेतात, ढेकूण खाटेच्या फटीत निसटतो आणि वस्त्रात सापडलेली निरपराध ऊ मारली जाते. अनोळखी पाहुण्याला आसरा देऊ नये हे कथेचे तात्पर्य आहे. ढेकूण अंथरुणातून पळून खाटेच्या सांध्यात लपतो, हे निरीक्षणही तिच्यात अचूक नोंदलेले आढळते.